सतराचा पाढा

"तू त्या फ्रिक्वेन्सीवर आलीच काऊन?"

"तुम्ही तिथून परत आले नाही म्हणून!"

"येतच होतो मी."

"कवा? चाकं टेकल्यावर? वारा फिरला होता, दादा. मोजा पार उलटा झाला. मी इथून वरडून राह्यली, दुसऱ्या बाजूनं उतरा, दुसऱ्या बाजूनं उतरा. आयकते कोण? हा पत्रा!"

"उतरलो ना नीट?"

"मी तिथं येऊन सांगतलं तवा उतरले."

राजकुमार प्लास्टिकच्या खुर्चीत बसला. बसला म्हणजे सांडला. हेडफोन गळ्यात तसाच. बाहेर त्याची सकाळची शेवटची पाहुणी, नाशिकची एक बाई, त्या दोन सीटच्या विमानाला टेकून फोटो काढून घेत होती. तिला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

बीबी गावाच्या पुढे उत्तमरावांचा माळ आहे; हा सगळा धंदाही त्यांचाच, आणि पोरं त्यांना काका म्हणतात. त्यावर मुरूम दाबून केलेली धावपट्टी, धावपट्टीच्या कडेला हे पत्र्याचं केबिन आणि केबिनमध्ये काजल. लोणारचं सरोवर वरून बघायला हिवाळाभर लोक येतात. विमानं दोन. एक काजलचा मोठा भाऊ राजकुमार उडवतो, दुसरं बुलडाण्याच्या वकिलाचा मुलगा विहंग. काजल टेबलावरच्या रेडिओवरून दोघांना वारा सांगते. खांबावरची नारिंगी कापडी पिशवी, जिला इथे सगळे मोजा म्हणतात, ती कुठे फुगली ते बघायचं आणि बोलायचं. मधेच शेळ्या हाकलायच्या. पाहुण्यांना पाणी द्यायचं. परत बोलायचं. सासर सोडून आली तेव्हा ती बीबीत मोबाइलच्या दुकानात बसायची. रेडिओचं इंग्रजी दादानेच तिच्याकडून घोकून घेतलं, आणि उत्तमरावांकडे शब्दही त्यानेच टाकला.

आधी सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर असायचे. दोन्ही विमानं, काजल, आणि आपल्या ओसरीवर चहा पीत ऐकत बसलेले उत्तमरावही. त्यांनी घरी एक सेट लावून घेतला होता. सकाळी त्यांना तो लागायचाच. रेडिओचा स्वभाव असा, की एकाने बटण दाबलं की बाकीच्यांची तोंडं बंद. एकदा विहंग कुठल्याशा लग्नातल्या वांग्याच्या भाजीचं वर्णन करत सुटला आणि इकडे धावपट्टीवर म्हशी आल्या. काजल बोंबलतेय, तिचा आवाज भाजीखाली दबलाय. त्या दिवशी तिनेच भांडून घेतलं: गप्पा इथे नाहीत. वेगळी फ्रिक्वेन्सी घ्या.

विमानाने विमानाशी बोलायला मोकळ्या जागा मोजक्याच. पहिलीवर कुठल्याशा फ्लाइंग स्कूलची पोरं दिवसभर धडे गिरवत होती. दुसरी लागली शांत. नेहमीच्या फ्रिक्वेन्सीपासून बटणाचे दोन खटके उजवीकडे. विमानात रेडिओ एकच, म्हणून तिकडे गेलं की इकडचं बहिरं व्हायचं. त्यावर नियम ठरला. जाताना काजलला 'जातो' सांगायचं, सरोवर ओलांडलं की 'आलो'. आणि तिथे काजलने यायचं नाही. ही अट राजकुमारची.

"बायकांसमोर बोलता येत नाही असं काही बोलत असान," असं तिने त्याला चिडवलंही होतं. तो नुसता हसला होता.

आज 'जातो' आलं. 'आलो' आलंच नाही.

"मले वाटे तुम्ही गप्पा हाणता," काजल म्हणाली.

"गप्पाच त्या."

"गप्पा? 'राजूभाऊ, गावातल्या मारुतीचं तोंड कोणीकडं? राजूभाऊ, सतराचा पाढा म्हणा.' ह्या गप्पा? तुम्ही पाढा म्हणून राह्यले होते, दादा. सतरा पंचे पंच्याऐंशी. अन् मंग चूप. तो इहंग 'राजूभाऊ, राजूभाऊ' करून राह्यला, अन् तुम्ही चूप!"

राजकुमारने डोळे चोळले. ते सकाळपासून लालच होते.

"झोप नाही ते. झापड येते जराशी."

"कवापासून?"

"गव्हाले पाणी सुरू झालं तवापासून. लाईट रातचीच येते, मी काय करू? बाबाचा गुडघा तसा. पहाटे मोटर बंद करतो अन् इकडं येतो."

"अन् इहंगले मालूम होतं."

"त्यानंच पकडलं मले. तो म्हणे, तुम्ही उडा भाऊ, मी तुमच्याशी बोलत राहतो."

"मोठा आला! अन् मीच भांडून ती फ्रिक्वेन्सी घ्याले लावली." काजल स्वतःशीच बोलल्यासारखं बोलली. "नाही तर पयल्याच दिवशी मले आयकू आलं असतं."

"तुले आयकू आलं असतं तं काकालेही आलं असतं. काका मले एक दिवसही ठेवणार नाही. मंग तुह्यंही काही खरं नाही, काजे. माह्याच शब्दावर आहे तू इथं."

"त्या बाईच्या जिवाचं काय?"

बाहेर ती बाई आपल्या गाडीच्या ड्रायव्हरला सांगत होती, "अजून एक, पंख दिसू देत!"

"आता झाल्या ना फेऱ्या," राजकुमार म्हणाला. "आज दुपारी झोपतो. आईशप्पथ झोपतो."

"दुपारी फवारणी आहे म्हणून सांगतलं तुम्ही सकाळी."

त्याला आठवलं. गळ्यातला हेडफोन काढून त्याने टेबलावर ठेवला. मग खूप हळू म्हणाला, "वर गेलो ना, की पाठ दुखायची थांबते. वावरातलं काही ध्यानात येत नाही. तेवढंच आहे मले. ते नको घेऊ."

काजलने टेबलावरच्या रेडिओकडे पाहिलं. बटण अजून दोन खटके उजवीकडेच होतं. तिने ते एक-एक करून मागे आणलं. लगेच विहंगचा आवाज आला. तोही सरोवरावरून परतत होता, वारा विचारत होता. तिने मोज्याकडे बघून वारा सांगितला, इंग्रजीत, सपाट आवाजात, जसा रोज सांगते. विहंग उतरेपर्यंत तिने मोज्यावरची नजर हलवली नाही.

"उद्या सकाळच्या तीन फेऱ्या आहेत," राजकुमार म्हणाला. "लहान पोरंही आहे त्यात. पण उद्या मी ठीक राहीन. काकाले सांगशील काय तू?"

काजल उठली. ओढणी खांद्यावर घेतली.

"काजे, मी इचारून राह्यलो. सांगशील काय?"

आत येताना त्याने अडकवलेली त्याच्या विमानाची चावी दाराशेजारी खिळ्याला लटकत होती. तिने ती काढली, मुठीत धरली आणि उन्हात बाहेर पडली.