नऊ नंबरची तबकडी

साळवेकाकांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, व्हर्निअर असायचा. श्रीरामपूरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायला मी रुजू झाले तेव्हा त्यांच्या घराची वरची खोली भाड्याने घेतली. पहिल्याच दिवशी मी आणलेलं कुलूप त्यांनी हातात घेतलं, व्हर्निअर काढून त्याची कडी मोजली, मग दाराच्या कोयंड्याचं भोक मोजलं आणि म्हणाले, "मॅडम, हे बसंल, पन खुळखुळंल. खुळखुळनारं कुलूप मी लावू देनार न्हाई." संध्याकाळी त्यांनी स्वतःच दुसरं आणून लावलं.

साखर कारखान्यात तीस वर्षं फिटर म्हणून काढून ते नुकतेच निवृत्त झाले होते. कारखाना सुटला, मोजणं सुटलं नाही. भाकरीची जाडी, खिडकीची फट, चर्चच्या बाकाचा हललेला पाय, काहीही त्यांच्या तावडीतून सुटत नसे. कुणी म्हणालं, "चालतंय हो काका," की त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "चालतंय ते चालतंय. बरोबर हाय का, ते सांग." मला हा माणूस लगेच आवडला, कारण दुसऱ्याची चूक दाखवायची खोड मलाही होती. फक्त त्यांच्याइतकी हातात कला नव्हती.

दर रविवारी चर्चहून आलं, जेवणं झाली, की काका पुढच्या खोलीत ग्रामोफोन लावायचे. मिशनच्या दवाखान्यात एक अमेरिकन डॉक्टर होते. मायदेशी परतताना त्यांनी तो काकांना दिला होता, आणि सोबत चौतीस छोट्या तबकड्या. एका बाजूला एक गाणं, दुसऱ्या बाजूला एक, मध्ये रुपयाहून मोठं भोक. त्या भोकासाठी काकांनी स्वतः पितळेची चकती करून घेतली होती. यंत्र एकशे दहा व्होल्टचं, म्हणून ट्रान्सफॉर्मर बसवला होता. डॉक्टरांच्या तरुणपणी त्यांच्या देशात गाजलेली ही गाणी, इथे नव्वदच्या दशकात, नळाला पाणी येण्याच्या वेळेपर्यंत शिस्तीत वाजायची.

गाण्यांतला एक शब्दही काकांना कळत नसे. तबकड्यांना त्यांनी नंबर टाकले होते आणि गाणाऱ्यांना नावं ठेवली होती. एक 'रडका', एक 'बैलगाडीवाला', आणि अकरा नंबरवरचा भरदार आवाजाचा 'पाटील'. "पाटील मान वर करून गातोय बगा, कुनाला भीत न्हाई," असं ते मला सांगायचे.

नऊ नंबर मात्र मार्थाकाकूंची. काकूंना दमा होता. चर्चच्या गायकवृंदात त्या पूर्वी पहिल्या रांगेत उभ्या असत. धाप लागायला लागल्यावर त्या आपण होऊन मागच्या बाकावर जाऊन बसल्या. कुठलंही भजन अर्ध्यावर गेलं की त्यांचा श्वास संपायचा. नऊ नंबरचं गाणं तेवढं संथ होतं. त्याच्या चालीवर त्यांनी आपले मराठी शब्द बसवले होते, देवाला 'जरा सावलीत बस, तूही दमला असशील' असं सांगणारे. हे एकच गाणं त्या शेवटपर्यंत म्हणू शकायच्या. म्हणून झालं की काका तबकडी पुसत विचारायचे, "पुरला का श्वास?" आणि काकू म्हणायच्या, "पुरला की."

दिवाळीत मी पुण्याला भावाकडे गेले, तर त्याच्या कॅसेटवर हेच गाणं लागलं. चाल तीच, पण पळत सुटलेली, आणि आवाज चांगलाच चढा. मला वाटलं, भावाचा टेप बिघडलाय. भाऊ म्हणाला, टेप परवाच घेतलाय. परतीच्या एसटीत श्रीरामपूर येईपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं, की हळू चालतोय तो काकांचा ग्रामोफोन.

आल्या आल्या मी काकांना सांगितलं. काही दिवस गप्प बसता आलं असतं, पण तो माझा स्वभाव नव्हता. तबकडीवर कागदाचा कपटा चिकटवला आणि घड्याळ लावून आम्ही फेरे मोजले. मिनिटाला पंचेचाळीस हवेत, भरले साडेसदतीस. काकांनी तीनदा मोजले. तिन्ही वेळा तेच. मी समजावून सांगितलं, की अमेरिकेतल्या विजेची फ्रिक्वेन्सी साठ, आपल्याकडची पन्नास. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज जुळलं, फ्रिक्वेन्सी नाही जुळली. मोटरचा वेग फ्रिक्वेन्सीवर ठरतो, म्हणून ती पहिल्या दिवसापासून हळू फिरते आहे.

काका खुर्चीत बसले. "म्हंजे वीस वर्षं," ते म्हणाले, "माझ्या घरात चुकीचं माप चाललंय." एवढा खचलेला त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

आठवड्याभरात त्यांनी ओळखीच्या वर्कशॉपातल्या लेथवर एक पितळी बुश, म्हणजे दांड्यावर चढवायची छोटी नळी, करून आणला. मोटरच्या दांड्यावर तो बसवला की दांड्याची जाडी नेमकी एक पंचमांशाने वाढायची, आणि त्याला टेकून फिरणाऱ्या तबकडीचा वेगही तेवढाच. रविवारी परत फेरे मोजले. पंचेचाळीस. काका इतके खूश झाले की त्यांनी शेजारच्या दोन घरांना बोलावून आणलं. पहिल्यांदा अकरा नंबर लागली, आणि पाटील ही बाई निघाली. सगळे हसून लोळले. काका म्हणाले, "पाटलीनबाई, माफी करा."

मग नऊ नंबर. काकूंनी नेहमीसारखा पदर सावरला आणि सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला त्या मागे पडल्या. वरच्या जागी आवाज पोचेना. तिसऱ्या ओळीला त्यांनी छातीवर हात ठेवला आणि थांबल्या. गाणं एकटंच संपलं. काकू म्हणाल्या, "ते गेलं की पुडं. मी मागंच ऱ्हायले." आणि चहा टाकायला आत गेल्या.

पुढचे तीन रविवार नऊ नंबर लागली की काकू चहा टाकायला उठायच्या. तबकडी पुसताना काका काही विचारत नसत. विचारण्यासारखं उरलं नव्हतं. मला फार वाईट वाटत होतं. शेवटी न राहवून मी म्हणाले, "काका, तो बुश काढून टाका ना."

"कसा काडू, मॅडम? कळत नव्हतं तवर ठीक हुतं. कळल्यावर चूक घरात ठेवायची? मंग कारखान्यात मी पोरांवर ओरडलो कशापायी?"

आयुष्यभर हा माणूस याच एका गोष्टीवर उभा होता, आणि ती माझ्याही परिचयाची होती.

चौथ्या रविवारी मी खाली उतरले तेव्हा नऊ नंबर लागली होती आणि काकू गात होत्या. सावकाश, पूर्ण, शेवटच्या शब्दापर्यंत. काका तबकडी पुसत माझ्याकडे न बघता म्हणाले, "बुश सैल झाला. काडून ठेवला." मग काकूंना विचारलं, "पुरला का श्वास?"

काही वर्षांनी माझी बदली नगरच्या कॉलेजात झाली. काका गेल्याचं कळलं तेव्हा परीक्षा चालू होत्या, म्हणून मातीला जाता आलं नाही. पंधरा दिवसांनी काकूंना भेटायला गेले. व्हर्निअर खिडकीत, पुसून ठेवलेला होता. काकूंनी खणातून एक काडेपेटी काढून माझ्या हातात दिली. "हे त्यांच्या हत्यारांत घावलं. चष्मा फुटलाय माझा. काय लिवलंय बगा."

आत तो बुश होता, तेलाच्या कापडात गुंडाळलेला. पेटीवर काकांच्या ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'माप बरोबर. बसवू नये.'

मी म्हणाले, "बुश सैल आहे, असं लिहिलंय."

काकू जराशा हसल्या. "मॅडम, चाळीस वर्सं संसार केला मी. त्यांच्या हातचं कदी काय सैल हुतं का?" त्यांनी काडेपेटी माझ्याकडून घेतली, परत खणात ठेवली आणि नऊ नंबर काढायला उठल्या.