जमलं तर बघा

"जमलं तर बघा, नाहीतर राहू दे."

हे म्हणताना त्यांचा उजवा हात छातीपर्यंत यायचा आणि मागितलेली गोष्ट आपणच परत घेतल्यासारखा खाली जायचा. अंबरनाथला आमच्या मजल्यावर, अगदी समोरच्या दारात ते राहायचे. बदलापूरच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला होते. सगळी बिल्डिंग त्यांना भाऊ म्हणायची, मीही भाऊच म्हणायचो. तुमच्याही शेजारी असा कुणीतरी असेल. त्याच्या बाजूने भांडायला आपण उठावं आणि त्यानेच आपल्याला खाली बसवावं, असा.

आमच्या मजल्यावर सकाळचं पाणी चढायचं नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी आवाज चढवायचो. मग सेक्रेटरी भाऊंकडे वळून विचारायचे, तुम्हालाही त्रास आहे का? भाऊ म्हणायचे, "तसं काही नाही. जमलं तर बघा." झालं, विषय संपला. दुसऱ्या दिवशी भाऊ खालच्या नळावरून बादल्या वर आणताना दिसायचे आणि त्यातली एक गुपचूप माझ्या दारात ठेवून जायचे. आता या माणसावर चिडायचं तरी कसं?

शेअर रिक्षावाला त्यांना उतरवायला विसरला, तर ते थेट शेवटच्या स्टँडपर्यंत जायचे आणि तिथून चालत परत यायचे. त्यांची बायको, म्हणजे वहिनी, एकदा मला म्हणाल्या, "शिवमंदिरात हात जोडून उभे असतात ना, तिथेही हेच सांगत असतील. जमलं तर बघा." म्हणाल्या हसून, पण हातातला कणकेचा गोळा परातीत जोरात आपटला.

मी शाळेत मराठी शिकवतो. माझा एक जुना विद्यार्थी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये लग्नांचं शूटिंग करतो. त्याने एक विनोदी सिनेमा करायला घेतला होता. कॅम्प दोनच्या बाजारातले एक कापडवाले शेठ त्याचे निर्माते होते आणि संवाद लिहायचे माझ्याकडे होते. गोष्ट सरळ होती. एका साध्या माणसाच्या घरातला कित्येक वर्षं बंद पडलेला इंटरकॉम एक दिवस वाजतो. पलीकडून आवाज येतो, 'बोला, काय पाहिजे? कितीही मागा.' आणि तो जे मागेल ते त्याला मिळत जातं.

हीरो काही मिळत नव्हता. एका रविवारी विद्यार्थी माझ्याकडे बसलेला असताना भाऊ वाचून झालेला पेपर परत द्यायला आले. पुरवणी अजून कुणी वाचत नसेल तर, जमलं तर, एवढंच ते दारातून म्हणाले. विद्यार्थी त्यांच्याकडे बघतच राहिला. "सर, हाच माझा हीरो," तो म्हणाला.

भाऊंना नाही म्हणता येत नव्हतं, म्हणून ते हो म्हणाले, असं मला वाटलं होतं. पण काही दिवसांतच पॅसेजमध्ये त्यांचं पुटपुटणं ऐकू यायला लागलं. संवाद पाठ चालले होते. शूटिंगच्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी तयार होऊन खाली उभे असायचे, शर्टाला कडक इस्त्री. या माणसाला काहीतरी हवं आहे, हे मी पहिल्यांदाच बघत होतो.

पहिला सीन चिखलोलीच्या एका नव्या बिल्डिंगमधल्या सॅम्पल फ्लॅटमध्ये होता. मी लिहिलं होतं, 'मला बंगला पाहिजे! आत्ताच्या आत्ता!' भाऊंनी रिसीव्हर उचलला, घसा साफ केला आणि म्हणाले, "ते... एक बंगला होता. जमलं तर बघा. लहान असला तरी चालेल."

पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा तेच. हेलिकॉप्टर मागताना तर त्यांनी स्वतःहून जोडलं, की पार्किंगचा कुणाला त्रास व्हायला नको. मी वैतागलो. महिनाभर घासलेले संवाद डोळ्यांदेखत वाया जात होते. पण कॅमेरावाला तोंडावर हात ठेवून कसाबसा उभा होता आणि कोपऱ्यात वहिनी पदराने डोळे पुसत होत्या, इतक्या त्या हसल्या होत्या. विद्यार्थी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, राग मानू नका. तुमचे संवाद राहू द्या." राग आलाच. पण त्याचं खरं होतं. जगातलं काहीही मिळत असताना माणूस संकोचाने मरतोय, यातच तो सिनेमा होता. मला लिहून जे जमलं नाही, ते भाऊंनी नुसतं उभं राहून केलं होतं.

शेठना मात्र ते पटलं नाही. त्यांनी काही भाग पाहिले आणि मला फोन केला. "मास्टरजी, हीरो ऐसे माँगता है क्या? ये तो भिखारी लगता है." मी त्यांना पुष्कळ समजावलं. ते हां हां म्हणत राहिले. मला वाटलं, पटलं असेल.

सिनेमा तयार झाल्यावर सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवायचं ठरलं. वहिनींनी पेढे आणले. भाऊ सगळ्यांना जागा करून देत शेवटी एकदाचे पुढे बसले. पडद्यावर त्यांनी रिसीव्हर उचलला, ओठ जरासे हलले आणि भरदार, परका आवाज हॉलभर घुमला, "मला बंगला पाहिजे! आत्ताच्या आत्ता!"

कुणाला काही समजेना. मागून कुणीतरी हसलं, ते ओठ आणि आवाज जुळत नव्हते म्हणून. सिनेमाभर तोच आवाज होता. वाक्यं माझीच होती, आणि स्वतःच्या लिहिण्याचा इतका तिटकारा मला कधी आला नव्हता. वहिनींनी खालच्या आवाजात विचारलं, "हा कोण बोलतोय?" संपल्यावर भाऊंनी उठून सगळ्यांना पेढे वाटले.

मी त्यांच्या मागे लागलो. जाऊन विचारा, म्हटलं, तुमचा आवाज तुम्हाला न सांगता काढतातच कसा? ते म्हणायचे, असू दे, त्यांची काहीतरी अडचण असेल. दिवस गेले, सिनेमा मोबाइलवर आला, कुणी फारसा पाहिला नाही, आणि माझं डोकं रोज नव्याने फिरत राहिलं. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "मला त्यात यांचा आवाज पाहिजे." त्यावर भाऊ चप्पल घालून निघाले.

आम्ही दोघं कॅम्प चारला विद्यार्थ्याच्या शूटिंगच्या दुकानात गेलो. विद्यार्थ्याने चहा मागवला. भाऊंनी तो घेतला नाही.

"माझा आवाज परत लावा," ते म्हणाले.

हात छातीकडे गेला नाही. पुढे काही जोडलंही नाही.

विद्यार्थी खाली बघायला लागला. मग म्हणाला, की लग्नसराई होती, डिस्क भरल्या होत्या, मूळ आवाज आता कशाला लागतोय असं शेठ म्हणाले आणि त्याने तो पुसून टाकला. "भाऊ, आधी बोलला असतात तर ठेवला असता."

मग मी ओरडलो. त्याच्यावर, तिथे नसलेल्या शेठवर, दुकानातल्या सगळ्या यंत्रांवर. भाऊंनी माझ्या कोपराला धरून मला बाहेर आणलं. बाहेर हातगाड्यांची आणि टेम्पोंची खडखड चालली होती. "सर, मागून तर बघितलं," ते म्हणाले. मला वाटलं होतं ते खचतील. पण ते नेहमीपेक्षा जरा ताठ चालत होते, आणि ते बघून मी आणखीच चिडलो. इतक्या वर्षांनी हा माणूस सरळ मागायला उभा राहिला, आणि द्यायला कुणाकडे काही उरलं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात ते आजारी पडले. म्हणजे आम्हाला तेव्हा कळलं. पोट आधीपासून दुखत होतं. कंपनीत सुट्टी मागितली नाही, दवाखान्यात गर्दी दिसली की परत फिरायचे. आवाजासाठी एकदा बोलले होते, पोटासाठी नाही बोलले. मी हॉस्पिटलमध्ये त्यांच्या उशाशी बसून विचारलं, भाऊ, काय आणू? काहीही सांगा. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, तुमची शाळेची वेळ झाली असेल, निघा तुम्ही. मला अजूनही त्या उत्तराचा राग येतो.

ते गेले. वहिनी समोरच्या दारात एकट्या राहतात. परवा दुपारी त्यांचं दार उघडं होतं. त्या फोनवर तो सिनेमा बघत होत्या, आवाज पूर्ण बंद करून. मी आत गेलो, तर त्यांनी खुर्चीकडे बोट दाखवलं.

"आवाज लावू का?" मी विचारलं.

"नको, त्यात कोण दुसराच बोलतो," त्या म्हणाल्या. मग हसू दाबत फोन माझ्याकडे वळवला. "थांबा सर, हेलिकॉप्टरचं येतंय आता. ऐका."

खोलीत पंख्याशिवाय कसला आवाज नव्हता. भाऊंचे ओठ हलले. वहिनी मनापासून हसल्या. पडद्यावर भाऊंनी रिसीव्हर खाली ठेवला, पलीकडे कुणी झोपलं असावं इतका हळू.