हातोडा कोणाला दिला

मी वनरक्षक होतो, गावकऱ्यांच्या भाषेत नाकेदार. पोंभुर्ण्याकडचं जंगल माझ्याकडे होतं. वनरक्षकाची खरी ताकद काठीत नसते, हातोड्यात असते. त्याच्या तोंडावर प्रत्येकाचा वेगळा नंबर कोरलेला असतो. तो नंबर ओंडक्यावर ठोकला की लाकूड कायदेशीर झालं. म्हणून हातोडा कोणाला द्यायचा नाही, दिलाच तर वहीत लिहून सही घ्यायची, हे मला पाठ होतं. पण साहेबाकडे सही मागणारा शहाणा आमच्या खात्यात अजून जन्मायचा आहे.

एका दुपारी वनगावातल्या एका गोंड म्हाताऱ्याच्या अंगणात मी पाणी पीत होतो. आमचे रेंजर साहेब जीप घेऊन तिथेच आले. "हातोडा दे, परवा परत करतो," म्हणाले. मी म्हाताऱ्यादेखत दिला. परवा परतही आला. महिनाभराने सागवानाचा चोरटा ट्रक पकडला गेला आणि ओंडक्या-ओंडक्यावर माझा नंबर. साहेब म्हणाले, मी हातोडा मागितलाच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मला झाली.

खात्याची चौकशी बसली. म्हातारा माझ्यासाठी एवढं अंतर चालत आला आणि सकाळपासून कचेरीच्या व्हरांड्यात बसून राहिला. "पेनाची आण, जे पाह्यलं तेच सांगीन," म्हणत होता. पेन म्हणजे त्यांचा देव. चौकशी अधिकाऱ्याने त्याला आत बोलावलंच नाही. संध्याकाळी चपराशाने उठवून दिलं. मी बडतर्फ झालो.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी कुठला शहाणा! तालुक्याच्या वकिलाने चंद्रपूरच्या दिवाणी कोर्टात दावा लावला. तीन वर्षं नुसत्या तारखा झाल्या, आणि मग कोर्ट म्हणालं, सरकारी नोकराच्या शिक्षेचं प्रकरण ऐकायचा आम्हाला अधिकारच नाही, नागपूरच्या प्रशासकीय न्यायाधिकरणात जा. नागपूरला गेलो तर म्हणे, आधी खात्याकडे अपील का केलं नाही? खात्याकडे अपील केलं तर म्हणे, मुदत टळली. पुन्हा नागपूर. एवढ्या लोकांपुढे हात जोडून उभा राहिलो, पण 'बाबा रे, हातोडा कोणाला दिला होतास?' एवढं एकाने विचारलं नाही. एकदा मी भर सुनावणीत ओरडलो. वकिलाने शर्ट धरून बाहेर ओढलं.

"भाऊ, तू चोर हायेस का साव, हे इथी पाहत नाई," तो म्हणाला. "चौकशी नियमानं झाली का नाई, तेवढंच पाहतेत."

त्या दिवशी मी बसस्टँडवर बसून लहान पोरासारखा रडलो. जगावंसं वाटत नव्हतं.

नवव्या वर्षी निकाल लागला. साक्षीदार न तपासणं चूक होतं, बडतर्फी रद्द, तिथून पुढे चौकशी पुन्हा करा. लोकांचे ब्लाउज शिवून शिवून बायकोचे डोळे अधू झाले होते. बातमी ऐकून ती मशीनवरून उठली आणि देवापुढे साखर ठेवली. मी लगोलग म्हाताऱ्याकडे गेलो.

त्याने मला ओळखलं, खाट टाकून दिली. मी सगळं सांगितलं.

"नाकेदार, पोरगा मोहर्लीच्या सफारी गेटावर गाईड लागला," तो म्हणाला. "तुमचा तो साहेब आता तिथचाच मोठा साहेब हाय."

"भाऊ, तुमी पाह्यलं तेवढंच सांगा. जास्त काई नको."

"तेच तं! आलो तं खोटं नाई बोलता येत मले. म्हणून नका बोलावू म्हणतो." मग माझ्याकडे पाहत म्हणाला, "त्या दिवशी दिवसभर बसलो होतो नं मी? तवा काऊन नाई विचारलं कोणी?"

मला त्याचा राग आला, खोटं कशाला सांगू. घरी येईपर्यंत त्याला शिव्या घालत होतो. पण सरकारी बोलावणं गेलं तर तो येईल आणि खरंच सांगेल, हेही मला पक्कं माहीत होतं. माझी नोकरी परत येईल आणि त्याच्या पोराची जाईल.

या वेळचा चौकशी अधिकारी भला माणूस होता. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "हातोडा कोणाला दिला होतात?" नऊ वर्षांनी पहिल्यांदा. मी साहेबांचं नाव सांगितलं.

"ठीक. मग साक्षीदाराला आजच बोलावणं काढतो."

"नको साहेब. मला तो तपासायचा नाही."

त्याने पेन खाली ठेवला. "अहो, यासाठीच तर नऊ वर्षं भांडलात ना?"

त्याने दोनदा विचारलं, मग तसं लिहून घेतलं आणि मी सही केली. आता निकाल काय येणार ते मला माहीत आहे.

बायकोला हे सांगायचं धाडस मला झालेलं नाही. ती मशीनवर बसल्या बसल्या रोज विचारते, म्हाताऱ्याची तारीख कधी लागली? मी म्हणतो, लागेल.