पिंजऱ्याची जागा

निवृत्तीनंतर सरकारी क्वार्टर सोडावं लागलं आणि मी मुलाच्या नोएडातल्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. त्याच उन्हाळ्यात नातीसाठी पोपट आणला, आणि पिंजरा कुठे ठेवायचा यावर घरात खल सुरू झाला. बाल्कनीत गरम वाऱ्याची लू लागेल, स्वयंपाकघरात फोडणीचा ठसका, हॉलमध्ये टीव्हीचा गोंगाट.

"आजोबांच्या खोलीत ठेवू ना यार, तिथे कोणी जातच नाही," नात म्हणाली.

सगळ्यांना एकदम पटलं. मी समोरच बसलो होतो, मेलो नव्हतो.

मग रोज संध्याकाळी सगळे माझ्या खोलीत यायला लागले. पोपटाशी गप्पा मारायचे, त्याला मिरची भरवायचे. जाताना, त्याला झोप लागावी म्हणून, दिवा घालवायचे. माझ्या हातात पेपर उघडाच असायचा.