बिसाहिनची दहा बोटं

“हे बोट मी आत्ताच टोचलं ना?” मी विचारलं.

तोंड पदराआड. समोर नुसता हात होता. मनगटावर गोंदणाच्या ठिपक्यांची ओळ, अन् नखांत सिमेंट. हाच हात मी सकाळपासून पाचव्यांदा पाहून राहिलो होतो.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा होऊन राहिला होता. मी नागपूरचा, दवाखान्यात नवाच लागलेला लॅब टेक्निशियन. हुकूम निघाला, का साऱ्यांचं रक्त तपासा. ऑफिसर, क्लार्क, त्यांच्या घरच्या बाया, कामगार, अन् ठेकेदाराच्या रेजा, म्हणजे घमेलं वाहणाऱ्या बाया. ज्या गटात रक्त कमी, त्या गटाले लोहाच्या गोळ्या. काम चांगलं होतं. त्याची माती आम्हीच केली.

तपासणी सोपी. बोट टोचायचं, बारीक नळीत रक्त ओढायचं, अ‍ॅसिडात सोडायचं. ते तपकिरी होते. मग थेंब थेंब पाणी टाकत राहायचं, बाजूच्या काचेच्या रंगाशी जुळेपर्यंत. रक्त दमदार असलं तं पाणी पुष्कळ लागते. फिकं असलं तं चार थेंबांत काम खलास.

रुआबांधा वस्तीकडच्या टिनाच्या शेडात टेबल मांडलं होतं. परपुरुषासमोर रेजा पदर नाकापर्यंत ओढायच्या, घोळक्यानं बसायच्या. मीही मोठा शहाणा! परक्या बाईच्या तोंडाकडं पाहू नये, हे घरून शिकलेलो. खाली मान घालून टोचत गेलो. मेट, म्हणजे ठेकेदाराचा मुकादम, दारातून नाव पुकारायचा अन् घोळक्यातून एक हात पुढं यायचा.

आता मात्र मी मान वर केली. तिनं पदर जरासा सारला. उतई गावाकडची बिसाहिन, अंगानं चांगली धडधाकट.

“अउ उंगली बांचे हे, बाबू,” ती हळूच बोलली. अजून बोटं शिल्लक आहेत म्हणे!

कारण तिनंच सांगितलं. आदल्या दिवशी दोन रेजांचं रक्त कमी निघालं, अन् मेटनं त्याच संध्याकाळी त्यांची कामावरून छुट्टी केली. कमजोर बाई कोणाले पाहिजे? मग या गँगनं ठरवलं, साऱ्यांच्या नावानं बिसाहिनचंच रक्त द्यायचं.

तिच्या मागं दुकलहिन बसली होती. सहा महिन्यांची पोटुशी. नाव तिचंच पुकारलं होतं. मी तिची पापणी खाली ओढून पाहिली. आतून सोललेल्या मुळ्यासारखी पांढरी.

“हिचं तरी खरं घेऊ दे,” मी म्हटलं. “गोळ्या भेटतील हिले.”

“गोली कब मिलही? छुट्टी तो आजे मिल जाही,” बिसाहिन म्हणाली. गोळी कधी भेटंल कोण जाणे, छुट्टी तं आजच.

दुकलहिननं हात जोडले. “बने लिख देबे, बाबू.” चांगलं लिही.

“क्या हुआ?” दारातून मेट ओरडला.

“कुछ नहीं,” मी म्हटलं, अन् दुकलहिनच्या नावानं बिसाहिनचं पुढचं बोट टोचलं. दहा संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून. ती एकदाही ‘स्स’ म्हणाली नाही. मी मनात माझीच पाठ थोपटून राहिलो होतो. हरामखोर मेटाले कसं बनवलं!

आमचे डॉक्टर खानझोडे आकडे पाहून खूश. “पाहा! घमेलं वाहणारी बाई क्लार्काच्या बायकोपेक्षा लाल! मेहनतीचं रक्त आहे, बावा.”

“सर, एकडाव पुन्हा तपासू?”

“कावून? तुह्या हातावर तुलेच भरोसा नाही का?”

मी खरं काय ते सांगितलं नाही. दुकलहिनचं काम जाईल म्हणून, असं मी कित्येक वर्षं सांगत आलो. खोटं आहे. माझी नोकरी नवी होती, बस.

गोळ्या आल्या, ऑफिसर-क्लार्कांच्या क्वार्टरांत गेल्या. तोंड कडू होते म्हणून कित्येक घरी कपाटात पडल्या. बिसाहिन दुकलहिनसाठी मागायला आली, तं कंपाउंडरनं कागद पाहिला. “तुम्हारे गँग को जरूरत नहीं.”

तीन महिन्यांनी दुकलहिनले गिट्टीच्या ट्रकमधून आणलं. झोपडीत बाळंत झाली होती, रक्त थांबत नव्हतं. या खेपेला बोट तिचंच होतं. दाबून दाबून थेंब काढला. पाण्याचे दोन थेंब टाकले, अन् रंग जुळून गेला.

“तुह्या कागदावर तं हिचं रक्त चांगलं होतं!” डॉक्टर म्हणाले.

“ते हिचं नव्हतं, सर.”

“रक्त द्यायले कोणी पाहा!” ते म्हणाले. ओरडायलेही वेळ नव्हता. सोबत आलेली बिसाहिन बाही वर करून उभीच होती. “मोर ले ले, बाबू.” माझं घे.

दोघींचं रक्त मी काचेवर मिसळलं. जुळत नसलं तं फाटलेल्या दुधासारखे दाणे धरतात. धरले.

“नाही चालत तुझं,” मी म्हटलं.

“ओ दिन तो चलगे रिहिस!” ती माझा हात धरून रडायले लागली. त्या दिवशी तं चाललं होतं.

दुसरं कोणी भेटेपर्यंत दुकलहिन गेली. पोरगी वाचली. बिसाहिननं पदरात गुंडाळून नेली.

मी म्हटलं, “सर, रिपोर्ट दुरुस्त करू.”

“वर गेला तो. तिथं बाकीच्या आकड्यांत मिसळला. आता कुठून काढतो?”

आजही पेपरात देशातल्या बायांच्या रक्ताची सरासरी छापून येते. मी ते पान उलटून टाकतो.

नंतर हाताखाली पोरं शिकायले आली. त्यांना सांगायचो, सुई उचलायच्या आधी विचारा, रक्त कमी निघालं तं या बाईचं काय करणार? उत्तर भेटलं नाही, तं सुई खाली ठेवा. अन् आधी तोंड पाहा, मग बोट.