पदकाच्या कडेवरचं नाव

बँकेचा माणूस बाबांच्या हयातीच्या दाखल्यासाठी मंगळवारी घरी येणार म्हटल्यावर मला अन्न गोड लागेना. चारकोपच्या आमच्या खोलीत आठवडाभर मी एकच काम केलं, बाबांकडून त्यांचं नाव पाठ करून घेतलं. हसू नका. त्यांचं डोकं आता साथ देत नाही, कधी काय बोलून जातील नेम नाही. आणि खरं बोलून गेले तर आमची वाट लागली. पेन्शन बंद, वर फसवणुकीची केस.

बाबा नौदलात स्टोकर होते, जहाजाच्या पोटात बॉयलर पेटते ठेवायचे. भरतीला वय कमी पडत होतं, म्हणून आजोबांनी थोरल्या मुलाचा शाळेचा दाखला पुढे केला. तो थोरला वर्षभरापूर्वीच तापाने गेलेला. त्याच्या नावावर बाबांनी पंधरा वर्षं आग सांभाळली, लग्न केलं, मला वाढवलं. एकाहत्तरच्या लढाईत वर तोफा चालू होत्या तेव्हा हे खाली, प्रेशरच्या काट्यावर डोळे लावून. समुद्र दिसलाच नाही, म्हणायचे. त्या लढाईचं पदक मिळालं, त्याच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं. नाव भावाचं. बाबांनी ते छातीवर एकदाच लावलं, तेही हुकूम होता म्हणून. आई गेल्यावर त्यांनी मला हे सगळं सांगितलं आणि वर दम भरला, "कोणाक सांगलंस तर बघ."

मंगळवारी आलेला माणूस भला होता. बाबांनी नाव बरोबर सांगितलं. तिथे गप्प बसायचं ना, पण मला अवदसा आठवली. छाप पडावी म्हणून मी पदक त्याच्या हातात दिलं. त्याने ते फिरवून पाहिलं, कडेवरचं नाव मोठ्याने वाचलं आणि कौतुकाने विचारलं, "काका, हे तुमचंच ना?"

"नाय," बाबा म्हणाले. "तो गेलो. माझ्या मांडयेर गेलो."

त्या माणसाने माझ्याकडे बघितलं. मी हसले, चक्क हसले.

"लक्षात राहत नाही हो त्यांच्या. कायपण बोलतात."

त्याने मान हलवली आणि बाबांचा अंगठा मशीनवर टेकवला. झालं काम.

बाबा रडत होते. इतक्या वर्षांत भावासाठी पहिल्यांदाच रडत होते, आणि मी त्या माणसाला चहात साखर किती ते विचारत होते.