अधांतरी नळ

आमच्या बागेत हल्ली एक भलामोठा पितळी नळ हवेत तरंगतो. वर दोरी नाही, मागे भिंत नाही, आणि त्यातून दिवसभर जाड धार पडत असते. काल एक आजोबा नातीला समजावत होते, "अगं, धारेच्या आतच पाइप आहे. तेच पाणी वर जातं, तेच खाली येतं."

"मग प्यायला कुणाला मिळतं?"

"कुणालाच नाही."

मी बाकावर बसून राहिलो. माझ्या बायकोची, शैलाची, मूत्रपिंडं गेली तेव्हा डॉक्टरांनी तिला दिवसाला अर्धा लिटर पाणी ठरवून दिलं होतं. मीच ते मापून द्यायचो. ती म्हणायची, "अहो, तुम्ही दूधवाले झाला असतात तर उपाशी मेला असतात. थेंबभर पाणी जास्त पडत नाही तुमच्या हातून!"

शेवटच्या आठवड्यात डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता मागतील तेवढं द्या." त्याचा अर्थ मला कळला, म्हणूनच तिला सांगितलं नाही. माप चालू आहे तोवर ती आहे, असं काहीतरी धरून बसलो होतो. शेवटच्या दुपारी तिनं आणखी एक पेला मागितला. मी म्हणालो, "आजचं संपलं. आता उद्या."

हे मी मुलीलाही कधी सांगितलेलं नाही.

उन्हं उतरल्यावर माळ्यानं पंप बंद केला. धार गेली आणि आतला बारीक, काळा पाइप उघडा पडला.

"झालं काका, आता उद्या," तो म्हणाला.

मला उठवेना.